सपरीतील दुपार

गोंदिया जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची जुनी घरे आम्ही पुष्कळ पाहिली: हातभर जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, कवेलूंचे उतरते छप्पर आणि पुढे सपरी, म्हणजे ओसरी. जाड भिंत उन्हाचा ताप आत हळूहळू येऊ देते; कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. मात्र ते छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नव्याने रचावे लागते. हे कष्ट पाहून आम्हीच एका वृद्ध दांपत्यास सिमेंटच्या स्लॅबचा सल्ला दिला.

पुढे एका मे महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा दोघेही अंगणात कडुनिंबाखाली बसली होती. ‘‘आत बसवत नाही जी, फादर,’’ आजी म्हणाल्या. आम्ही निरुत्तर झालो. सल्ला देण्यापूर्वी त्यांच्या सपरीत वैशाखातील एक दुपार आम्ही काढावयास हवी होती.