चाकाचा रंग आणि बंद दार

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या थोरल्याने एक जुनी मोटार घेतली. मोटार बरी होती, पण चारही चाकांवरचा काळा रंग फुगला होता आणि जागोजागी त्याचे पापुद्रे सुटले होते. वैशाखात धाकटीचे लग्न होते. तिला याच मोटारीतून सासरी पाठवायचे, म्हणून चाके चकचकीत करावीत असे थोरल्याच्या मनात आले. तालुक्याच्या वर्कशॉपमधला आकडा ऐकून मी म्हणालो, "एवढे पैसे कशाला? घरीच करू." बी.एस्सी. (कृषी) झालेला मी, नोकरीची अठ्ठावीस वर्षे औषधांच्या डब्यांत आणि फवारणी पंपांत गेलेली. त्यात अवघड ते काय, असे मला वाटले.

पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून चाके घरी आणली. टर्पेंटाइन लावून पाहिले, पण रंग ढिम्म हलेना. हा रंग ब्रशने दिलेला नसतो. त्याला पावडर कोटिंग म्हणतात. कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूवर चिकटवतात आणि मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात. भुकटी वितळून धातूभोवती एकसंध कवच तयार होते. असे कवच साध्या पातळ द्रवाला कसे दाद देणार?

दुसऱ्या दिवशी थोरला कॉस्टिक सोड्याची पिशवी घेऊन आला. "आप्पा, ट्रॅक्टरचे जुने भाग यातच बुडवून साफ करतात. गॅरेजवाल्याने सांगितलं."

मी त्याला थांबवले. घरात लोहचुंबक होते, ते चाकाला लावले. चिकटले नाही. मग म्हणालो, "ट्रॅक्टरचा भाग लोखंडाचा. हे चाक ॲल्युमिनियमचं." पटावे म्हणून अंगणात प्लॅस्टिकच्या घमेल्यात थोडे कॉस्टिकचे पाणी केले आणि त्यात पातेल्याचे एक जुने झाकण टाकले. थोडा वेळ काही झाले नाही. मग बुडबुडे सुटू लागले, पाणी तापले, झाकण काळवंडत गेले. ते बुडबुडे हायड्रोजनचे. हा वायू ठिणगीने पेट घेतो. दुसऱ्या दिवशी झाकणाची नुसती चाळण उरली होती. पोरगा गप्प झाला. मोरचूद लोखंडी भांड्यात का भिजवायचे नाही, हे मी गावोगाव सांगत आलो आहे. बोर्डो मिश्रणातले तांबे लोखंडावर बसते, भांडेही खराब होते आणि औषधही. कोणता द्रव कोणत्या धातूला खातो हे आधी पाहायचे, एवढाच धडा. तो मी मुलाला दिला आणि मनातून जरा फुगलोही.

तिसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून रंग काढायच्या द्रवाचा डबा आणला. डब्यावर बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण शेतकऱ्यांना ओळखायला शिकवणारा मी. तो मजकूर मात्र न वाचताच डबा उघडला. बाहेर वावटळ सुटली होती, अंगणात नातवंडे खेळत होती. म्हणून चाक अवजारांच्या खोलीत नेले, आतून दार लावले आणि पाटावर बसून, चाकावर वाकून ब्रश फिरवू लागलो.

रंग मात्र झकास सुटू लागला. दहा मिनिटांत कवचाला सुरकुत्या पडल्या, लाकडी पट्टीने ओढले की साय निघावी तसा निघे. आणखी थोडे, आणखी थोडे, असे करत बसलो. डोके जड झाले, वाटले ऊन लागले असेल. मग पट्टी हातातून पडली आणि ती उचलायची शुद्ध राहिली नाही.

आमच्या सौ. चहा घेऊन आल्या म्हणून मी आज हे लिहितो आहे. त्यांनी हाका मारल्या, दार ढकलले. जुनी कडी निसटली. त्यांनी मला बखोटीला धरून ओढत अंगणात आणले. डॉक्टरांकडे नेले, प्राणवायू लावला, रात्रभर ठेवून घेतले. सकाळी शुद्धीवर नीट आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, गावाला सांगता तोंड बांधा, वारा बघा म्हणून. आपल्या घरात नाही का वारा?"

मला उत्तर सुचले नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यानंतर हातमोजे नि मास्क घेऊन मी किती बैठका घेतल्या त्याला गणती नाही. दिव्याखालीच अंधार, दुसरे काय!

नंतर डब्यावरचा मजकूर भिंग घेऊन वाचला. त्यात मिथिलीन क्लोराइड होते. हा द्रव साधारण ४० अंशांना उकळतो, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात डबा उघडला की वाफच वाफ. ती वाफ हवेपेक्षा जड. जुन्या पेवात वाईट हवा तळाशी साचते, तशी ती जमिनीलगत साचते. मी तर पाटावर बसलो होतो! शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेल्या माणसाला मारतो तोच. साधे रबरी हातमोजे या द्रवापुढे टिकत नाहीत. घरगुती वापराच्या रंगकाढ्या द्रवात तो घालायला अमेरिकेने २०१९ साली बंदी केली.

वाचकहो, आपल्या घरात असे काम निघाले तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. आधी चुंबक लावा. ॲल्युमिनियम असेल तर कॉस्टिक नको. मिथिलीन क्लोराइडचा डबा घरात आणूच नका. बेंझिल अल्कोहोलचे द्रव मिळतात. ते सावकाश काम करतात, पण तेही उघड्यावर, सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून, पोरे-गुरे दूर ठेवून वापरा. द्रव लावून वर प्लॅस्टिकचा कागद झाका, म्हणजे तो सुकत नाही. पट्टी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची घ्या. लोखंडी ब्रशचे कण धातूत रुततात आणि गंजतात. टायर जिथे बसते ती कड ग्राइंडरने घासू नका, हवा धरणार नाही. ज्योतीने तर मुळीच जाळू नका. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला तसेच राहते, पण त्याची ताकद गेलेली असते, आणि चाक भर रस्त्यात तडकते. निघालेला गाळ विहिरीजवळ किंवा शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका.

आमचे ते एक चाक थोरल्याने अंगणात पुरे केले. बाकीची तीन गुपचूप वर्कशॉपला दिली. मी वाचवायला निघालो होतो त्याच्या दुप्पट पैसे दवाखान्यात गेले. धाकटी मात्र चकचकीत चाकांच्या मोटारीतून सासरी गेली.

आता शेतकऱ्यांच्या बैठकीत मास्कची पेटी उघडण्याआधी मी ही हकिगत सांगतो. लोक हसतात, पण नंतर पेटीतला मास्क मागून घेतात. आणि घरी मी कुठलाही डबा उघडला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "दार उघडं आहे ना?"