छापखान्याची खिडकी

हेन्री फोंडा हे नाव कानांवर पडले की हा मनुष्य आपल्या गोव्याकडचा असावा, असे कुणाही मराठी माणसाला वाटेल. फोंडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मंगेशीची नाहीतर शांतादुर्गेची दीपमाळ उभी राहते. घाटावरच्या माणसाला फोंडाघाटाची वळणे आठवतात. आमच्या घरी त्याच्या एखाद्या चित्रपटाला जायचा बेत ठरला, की आई हसून म्हणे, "आज तुमच्या गोवेकरांकडे जायचं वाटतं!" पण हे फोंडे निराळे. त्यांचे पूर्वज साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हॉलंडातून अमेरिकेत आले, आणि न्यूयॉर्क राज्यात त्यांच्या नावाचे एक गावही वसले. गोव्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

तरी हा नट मला नेहमी आपल्यातला वाटत आला आहे, आणि त्याचे कारण नाव नव्हे. आपल्या वडिलांच्या पिढीत घरोघर एक गृहस्थ असत. चार माणसांत न्यायाने वागणारे, शब्दाला जागणारे, परक्याच्या अडचणीला धावून जाणारे. आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले की मुके. मुलांवर माया नसे असे नाही, पण ती बोलून दाखवणे त्यांना जमत नसे. मुलाचा पहिला नंबर आला तर प्रगतिपुस्तकावर सही करीत "बरं" एवढेच म्हणायचे. माझे वडील असेच होते. हेन्री फोंडाही असाच होता. फरक इतकाच की फोंडाला दुसऱ्याचे शब्द मिळाले की बोलता येई, आणि ते बोलणे साऱ्या जगाने ऐकले.

त्याचा जन्म १६ मे १९०५ रोजी नेब्रास्का राज्यातल्या ग्रँड आयलंड या गावी झाला. वाढला तो ओमाहा शहरात. वडील विल्यम फोंडा यांचा तेथे छापखाना होता. मुलगा लाजाळू, चार माणसांत मान वर न करणारा. या मुलाच्या आयुष्यातली एक रात्र सांगितल्यावाचून त्याच्याविषयी काही सांगता येत नाही.

२८ सप्टेंबर १९१९. हेन्री तेव्हा चौदा वर्षांचा होता. ओमाहाच्या न्यायालयाच्या इमारतीत विल ब्राऊन नावाचा एक कृष्णवर्णी मजूर कैदेत होता. एका गोऱ्या स्त्रीवर हल्ला केल्याचा त्याच्यावर आरोप होता. खटला अजून उभा राहायचा होता. पण लोकांना खटला नकोच होता. हजारोंचा जमाव जमला आणि त्याने इमारतीला आग लावली. महापौर आडवे आले, तर जमावाने त्यांच्याच गळ्यात दोर अडकवून त्यांना लटकावले. ते कसेबसे वाचले. मग ब्राऊनला बाहेर ओढून फाशी दिले, गोळ्या घातल्या आणि प्रेत जाळले. हे सारे जेथे चालले होते त्याच्या समोरच विल्यम फोंडांचा छापखाना होता. ते मुलाला घेऊन तेथे गेले होते, आणि वरच्या मजल्याच्या खिडकीतून बापलेकांनी ते पाहिले.

बापाने उपदेश केला नाही, की बघ रे बाबा, माणसे कशी असतात, असेही म्हटले नाही. छापखान्याला कुलूप लावले आणि दोघे मुकाट्याने घरी आले. आपले तळहात भिजले होते आणि डोळ्यांत पाणी होते, एवढे फोंडाने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले. मला या प्रसंगात बापाचे मौन फार बोलके वाटते. त्याने मुलाला मुद्दाम तेथे नेले. म्हणजे मुलाने ते पाहावे असे त्याला वाटत होते. पण पाहिल्यानंतर काय म्हणायचे ते त्याच्यापाशी नव्हते. ते मुलाला स्वतःच शोधावे लागले, आणि त्या शोधाला पुढची चाळीस वर्षे लागली.

नट व्हायचे त्याच्या मनातही नव्हते. वृत्तपत्रविद्या शिकायला तो मिनेसोटा विद्यापीठात गेला आणि शिक्षण अर्धवट टाकून परत आला. १९२५ साली ओमाहाच्या हौशी नाटक मंडळीला एक तरुण नट कमी पडत होता. फोंडांच्या परिचयातल्या एक बाई त्या मंडळीत होत्या. त्यांनी या रिकामटेकड्या पोराला ओढून नेले. त्या बाईंचे नाव डोरोथी ब्रँडो. त्यांच्या मांडीवर तेव्हा एक वर्षाचा मुलगा होता, त्याचे नाव मार्लन! एका घरातून अमेरिकेला दोन मोठे नट मिळाले म्हणायचे: एक पोटचा आणि एक हाताला धरून आणलेला.

रंगमंचावर गेल्यावर या मुलाला एक अजब शोध लागला. आपण आपण नसलो, की आपल्याला लाज वाटत नाही! शब्द दुसऱ्याचे, कपडे दुसऱ्याचे, दुःखही दुसऱ्याचे. मग रडायला काय हरकत आहे? विल्यम फोंडांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. पण मुलाने एका नाटकात नायकाचे काम केले तेव्हा सगळे घर बघायला गेले. परत आल्यावर सगळ्यांनी तोंडभर स्तुती केली. वडील मात्र वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसलेले. बहिणीने काहीतरी खोड काढायला सुरुवात केली, तोच वर्तमानपत्रामागून आवाज आला: गप्प बस, त्याचे काम उत्तम झाले! बस्स. पुन्हा वर्तमानपत्र. आपल्याला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र तेच, असे फोंडा सांगत असे.

१९२८ मध्ये तो पूर्वेकडे गेला. केप कॉडच्या समुद्रकाठी 'युनिव्हर्सिटी प्लेयर्स' या तरुण मंडळींत तो मिळाला. मार्गारेट सलाव्हन, जोशुआ लोगन आणि पुढे जेम्स स्टुअर्ट हे त्याला तेथलेच सोबती. न्यूयॉर्कात स्टुअर्टबरोबर एका खोलीत राहून त्याने हलाखीचे दिवस काढले. 'द फार्मर टेक्स अ वाइफ' या नाटकाने १९३४ मध्ये त्याचे नाव झाले आणि त्याच नाटकाच्या चित्रपटातून पुढच्या वर्षी तो पडद्यावर आला. तेथे दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग यांनी त्याला पहिला धडा दिला. नाटकात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी जो आवाज आणि जे हावभाव लागतात, ते कॅमेऱ्यापुढे भडक होतात. फोंडाने ते ऐकले आणि सगळे आवरून घेतले. हा धडा त्याच्या स्वभावाला इतका मानवला, की पुढे सारे आयुष्य तो कमीत कमी करीत गेला. डोळे जरा मिटायचे, शब्दाआधी किंचित थांबायचे, संपला अभिनय.

लिंकनची भूमिका पुढे आली तेव्हा तो बिचकला होता. अमेरिकन माणसाला लिंकन म्हणजे देव. देवाचे सोंग कसे घ्यायचे? जॉन फोर्ड यांनी त्याला फैलावर घेतले: देवाचे नव्हे, स्प्रिंगफील्डमधल्या एका पोरसवदा वकिलाचे काम करायचे आहे! 'यंग मिस्टर लिंकन' १९३९ साली आला. त्यात एक प्रसंग आहे. दोन आरोपींना फासावर चढवायला जमाव तुरुंगाचे दार फोडतो आहे, आणि हा उंच, किडकिडीत वकील एकटा दारात उभा राहतो. आवाज चढवीत नाही. थोडी थट्टा करतो, थोडे समजावतो, आणि माणसे एकेक करून खाली मान घालून परत फिरतात. ओमाहात जे घडले नाही, ते येथे घडते.

पुढच्याच वर्षी आलेल्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'मधला टॉम जोड आपल्याकडच्या जाणत्या प्रेक्षकांनाही माहीत आहे. पण मला त्याहून आठवतो तो १९४३ चा 'द ऑक्स-बो इन्सिडेंट'. तेथे जमाव तीन माणसांना फाशी देतो, आणि नंतर कळते की ती निरपराध होती. फोंडा या चित्रपटात वीर नाही. तो विरोध करून बघतो, पण थांबवू शकत नाही. शेवटी मेलेल्यांपैकी एकाने बायकोला लिहिलेले पत्र तो मद्यालयात सर्वांना वाचून दाखवतो. हा खिडकीतलाच मुलगा. फक्त आता त्याच्या हातात वाचायला काहीतरी आहे.

त्यानंतर लढाई. वयाची सदतिशी उलटलेली, घरी मुले, तरी तो नौदलात भरती झाला. परत आल्यावर १९४८ मध्ये त्याने ब्रॉडवेवर 'मिस्टर रॉबर्ट्स' हे नाटक केले. पॅसिफिकमधल्या एका मालवाहू जहाजावरच्या, प्रत्यक्ष लढाईसाठी तळमळणाऱ्या अधिकाऱ्याची ही भूमिका. नाटकाचे हजारावर प्रयोग झाले आणि फोंडाला टोनी पारितोषिक मिळाले. याच नाटकाच्या दिवसांत, १४ एप्रिल १९५० रोजी, त्याच्या पत्नीने, फ्रान्सिसने, आत्महत्या केली. ती बरेच दिवस मनाच्या आजाराने ग्रासलेली होती. आणि त्याच संध्याकाळी फोंडा रंगमंचावर उभा राहिला.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याकडच्या नाटकवाल्यांच्याही अशा कथा आपण अभिमानाने सांगतो: घरात प्रेत आणि नट रंगमंचावर. त्याला आपण निष्ठा म्हणतो. मला वाटते, फोंडाच्या बाबतीत ती निष्ठा नव्हती. दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती. घरी दोन मुले होती, जेन बारा वर्षांची आणि पीटर दहा वर्षांचा. त्यांना सांगण्यात आले की आई हृदयविकाराने गेली. खरे काय ते जेनला पुढे एका मासिकात वाचून कळले. बापाने तिला काही सांगितले नाही. छापखान्याला कुलूप लावून मुकाट्याने घरी येण्याची ती रीत वारशाने चालत आली होती.

आणि मग १९५७ साल, 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. रेजिनाल्ड रोझ यांचे मूळ दूरचित्रवाणी-नाटक. फोंडाने स्वतः निर्माता होऊन त्याचा चित्रपट केला आणि दिग्दर्शन सिडनी लुमेट या, आधी एकही चित्रपट न केलेल्या तरुणाकडे दिले. एक खोली, एक टेबल, बारा माणसे आणि मरणाचा उकाडा. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या एका गरीब पोराचा निकाल द्यायचा आहे. अकरा जण हात वर करून म्हणतात, दोषी. आठव्या खुर्चीतला माणूस हात वर करीत नाही. तो निर्दोष आहे असे हा म्हणत नाही; आपल्याला ठाऊक नाही, पण एका माणसाला मरायला पाठवायचे तर त्याआधी थोडे बोलू तरी या, एवढेच त्याचे म्हणणे. बोलू या! ज्या माणसाला घरात बोलणे जमले नाही, त्याने पडद्यावर मागितले ते हेच. चित्रपटाला बर्लिनच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. गल्ल्यावर मात्र तेव्हा फारसे जमले नाही. आज तो जगभर पाहिला जातो. बासू चटर्जींनी १९८६ मध्ये त्यावरून 'एक रुका हुआ फैसला' केला, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

मुंबईकराला येथे आणखी एक खोली आठवावी. १९५९ साली नानावटी खटला सेशन्स कोर्टात चालला, तेव्हा बाहेर लोकांचा कल आरोपीच्या बाजूने होता. नऊ ज्यूरर बसले होते. आठ जणांनी निर्दोष म्हटले, एकाने दोषी. न्यायाधीशांना निर्णय पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेले आणि नानावटी दोषी ठरले. पुढे ज्यूरीची पद्धतच आपल्याकडून गेली. नानावटींच्या कथेवर चित्रपट निघाले. मला मात्र फोंडाला पाहताना तो नववा माणूस आठवतो. त्याचे मत चित्रपटातल्या मताच्या अगदी उलट. पण आठ जणांसमोर एकट्याने बसून राहायला लागणारे धैर्य तेच.

फोंडाच्या सात्त्विक चेहऱ्याची लोकांना इतकी सवय झाली होती, की इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी त्याचा उपयोग करून घेतला. १९६८ च्या चित्रपटात त्यांनी त्याला क्रूर मारेकऱ्याचे काम दिले. खलनायक म्हणून फोंडा मिशा वाढवून आणि डोळ्यांत तपकिरी भिंगे घालून हजर झाला! लिओने यांनी सगळे काढायला लावले. त्यांना ते निळे डोळेच हवे होते. लहान मुलावर पिस्तूल रोखणारा माणूस वळतो, आणि तो हेन्री फोंडा असतो. प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला तो त्यामुळे.

पाच लग्ने झाली, मुले मोठी झाली. जेन स्वतः नामवंत नटी झाली, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली, बापलेकीत खटके उडाले. तिला दोनदा ऑस्कर मिळाले तरी बापाला एकदाही नव्हते. १९८१ मध्ये मानाचे म्हणून एक देण्यात आले. त्याआधीच लेकीने एक गोष्ट केली होती. 'ऑन गोल्डन पाँड' या नाटकाचे हक्क तिने वडिलांसाठी घेतले. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा तुसडा बाप आणि त्याच्या एका शब्दासाठी आसुसलेली मुलगी, अशी ती कथा. मुलगी जेन, बाप हेन्री, आई कॅथरिन हेपबर्न. एवढ्या वर्षांत फोंडा आणि हेपबर्न यांची कधी भेट झाली नव्हती. हेपबर्नबाईंनी दिवंगत स्पेन्सर ट्रेसीची आवडती टोपी त्याला भेट दिली आणि त्याने ती चित्रपटात घातली.

एका प्रसंगात मुलगी बापाला म्हणते की मला तुमच्याशी मैत्री करायची आहे. तालमीत जेनने हात राखून ठेवला होता. कॅमेरा फोंडावर असताना ते वाक्य म्हणता म्हणता तिने अवचित त्याच्या हातावर हात ठेवला. हे ठरलेले नव्हते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते दिसू नये म्हणून त्याने मान खाली घातली. जेनने ही हकिगत पुढे अनेकदा सांगितली आहे.

२९ मार्च १९८२ रोजी त्या भूमिकेला ऑस्कर मिळाले. फोंडा आजारी होता, घरून दूरचित्रवाणीवर पाहत होता. जेनने पारितोषिक स्वीकारले आणि त्याच रात्री ते त्याच्या उशाशी नेऊन दिले. १२ ऑगस्ट १९८२ रोजी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, तो गेला.

माझ्या वडिलांपाशी कुणाचे नाटक नव्हते, कुणाचे शब्द नव्हते. फोंडाच्या वाट्याला निदान ते आले, आणि त्यांच्या आडून का होईना, खिडकीतल्या त्या मुलाला जे म्हणायचे होते ते म्हणता आले. दिवाळीत घर भरलेले असते. फराळाची ताटे फिरत असतात, मुले अंगणात फटाके उडवीत असतात, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्रामागे एखादे न बोलणारे माणूस बसलेले असते. त्याने बोलावे म्हणून थांबू नये. जवळ जाऊन हातावर हात ठेवावा. त्याला तालीम लागत नाही.