सौंसरची वाट आणि विजेची मोटार

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेल्या प्रवाशाला महाराष्ट्र कोठे संपला आणि मध्य प्रदेश कोठे सुरू झाला, हे रस्त्याकडेच्या पाट्या वाचल्याखेरीज कळत नाही. सावनेर मागे पडते. संत्र्याच्या बागा दुतर्फा तशाच चालू राहतात, कपाशीची शेतेही तीच, आणि चहाच्या टपरीवर कानी पडणारी बोलीही तीच नागपुरी वळणाची मराठी. पाट्या मात्र हिंदी होतात आणि मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर ‘एमएच’च्या जागी ‘एमपी’ ही अक्षरे अधिक दिसू लागतात. सातनूरच्या नाक्यावर पूर्वी मालमोटारींच्या रांगा लागत. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेश शासनाने सीमेवरील आपली परिवहन नाकी बंद केली, तेव्हापासून तीही खूण पुसट झाली आहे. तेथून थोडे पुढे गेले की सौंसर.

वरून आलेले निर्णय अंगवळणी पाडून घेण्याची सवय या गावाला फार जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. काल-परवापर्यंत जी नागपूर नगरी आपली राजधानी होती, ती सौंसरकरांसाठी एका रात्रीत परराज्यातील झाली. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून निघून त्यात आले. घर जागचे हलले नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. अजूनही कापड खरेदीला, मोठ्या दवाखान्याला आणि सोयरिकीला सौंसरचा माणूस साठ-सत्तर किलोमीटरवरच्या नागपुरासच जातो.

याच वाटेने आम्ही मागे एकदा आमच्या मेहुण्यांच्या विजेच्या मोटारीतून छिंदवाड्यापर्यंत गेलो. मेहुणे नागपूरचे. नवी गाडी घेतल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून ओसंडत होता आणि ‘भाऊजी, आवाज येतो का बघा!’ हे वाक्य त्यांनी सावनेर येईपर्यंत चारदा तरी उच्चारले असेल. आवाज खरोखरच येत नव्हता. मात्र नागपूर सोडता सोडता कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी दिसली आणि एका बाजूला खापरखेड्याचेही केंद्र आहे, याची आठवण झाली. गाडीला धूर नाही हे खरे. तो येथे आधीच निघून गेलेला असतो. तरीही अशा एका धुरांड्याला लगाम घालणे लाखो गाड्यांच्या नळकांड्यांना घालण्याहून सोपे, हे मेहुण्यांचे म्हणणे आम्हांस पटले.

या गाड्यांशी सौंसरचे एक नाते आहे, ते सौंसरमध्येही फारसे कोणास ठाऊक नाही. मँगनीजयुक्त अतिप्राचीन खडकांच्या एका मोठ्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘सौंसर समूह’ या नावाने ओळखतात. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि छिंदवाडा या पट्ट्यात तो पसरलेला आहे. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवर लुईस ली फर्मर या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९ साली जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भूभागाचे स्थान मोठे आहे. मँगनीजचा बहुतांश भाग पोलाद बनविण्यात खर्ची पडतो, परंतु साध्या विजेरीच्या सेलपासून मोटारीच्या काही प्रकारच्या लिथियम बॅटऱ्यांपर्यंत ते उपयोगी येते. सौंसर हे नाव अशा रीतीने जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत पोचले आहे. जिल्ह्याच्या कचेरीत ते पोचायला मात्र अजून खेटे घालावे लागतात.

सौंसरनंतर रामाकोन्याला कन्हान नदी ओलांडली, की पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. चढावर बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागला तसे मेहुण्यांचे बोलणे कमी होत गेले. परतीच्या उतारावर तोच आकडा थोडासा वर सरकला, तेव्हा त्यांनी पुन्हा आवाजाचा विषय काढला! नागपूरहून पूर्ण भरून निघालेली बॅटरी छिंदवाड्यास निम्म्याच्या आसपास आली होती. परत जाण्यापुरती ती असली तरी मनाची खात्री होईना, म्हणून मुक्कामाच्या घरी रात्रभर गाडी विजेला लावून ठेवली. मेहुण्यांना हे जमते, कारण त्यांच्या नागपूरच्या घराला मोटारीची स्वतंत्र जागा आहे आणि लांबच्या प्रवासासाठी जुनी पेट्रोलची गाडीही त्यांनी विकलेली नाही. निवडीचे स्वातंत्र्य म्हणतात ते त्यांच्यापाशी आहे.

आमच्या एका सहकारी शिक्षकांपाशी ते नाही. सौंसरहून खेड्यातल्या शाळेत रोज जाऊन येऊन छत्तीस किलोमीटर ते एका जुन्या दुचाकीवर करतात. ती दुचाकी आता थकली आहे. नवी घ्यावी तर पेट्रोलची की विजेची, यावर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. ‘सरकार उद्या पेट्रोलच्या गाड्या बंदच करणार, मग आज पैसे का घालवावे?’ हा एक तट. ‘माझ्या पैशाने मी कोणती गाडी घ्यावी हे सांगणारे सरकार कोण?’ हा दुसरा. आम्ही मुख्याध्यापक या नात्याने घंटा वाजवून वाद थांबवला, पण दोन्ही प्रश्न डोक्यातून जाईनात.

पहिल्या तटाची भीती अगदीच निराधार नव्हती. २०३० नंतर देशात पेट्रोल-डिझेलची एकही नवी मोटार विकली जाऊ नये, असे मनोरथ २०१७ साली केंद्र सरकारमधील मंत्र्यांनी बोलून दाखविले होते. मोटार उद्योगाला आवडो न आवडो, हा बदल आपण करणारच, असे नितीन गडकरी यांनी त्याच वर्षी उत्पादकांच्या मेळाव्यात ठणकावले. पुढे २०१९ मध्ये नीती आयोगाने सुचविले, की २०२३ पासून तीनचाकी आणि २०२५ पासून दीडशे सीसीपर्यंतच्या दुचाकी फक्त विजेच्याच विकाव्यात. दीडशे सीसीपर्यंतची दुचाकी म्हणजे सौंसर तालुक्यातील जवळजवळ प्रत्येक घरची गाडी! उत्पादकांनी विरोध केला, सूचना बाजूला पडली आणि २०२५ साल सक्तीविनाच उजाडले. त्या वर्षी दुसरीच एक गोष्ट घडली. देशभर पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले, जुन्या गाड्यांचे मालक कुरकुरू लागले आणि इथेनॉलविरहित पेट्रोल निवडण्याची मुभा मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. आमच्या सहकाऱ्यांची थकलेली दुचाकी हेच पेट्रोल पिते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

सक्ती नेहमीच वाईट असे आमचे म्हणणे नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले तेव्हा कोणाची पसंती विचारली असती तर ते आजही मुलांच्या फुप्फुसांत जात असते. प्रश्न क्रमाचा आहे, आणि तो समजायला सौंसरच्या रेल्वे स्थानकाइतकी दुसरी चांगली जागा नाही.

नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी नॅरोगेज लाईन इंग्रज अमदानीतली. गाडी इतकी मंद चाले की घाटात उतरून पायी चालावे आणि पुढे जाऊन पुन्हा बसावे, असे विनोद तिच्याविषयी रूढ होते. पण तिकीट स्वस्त होते आणि भाजीच्या टोपल्या, संत्र्यांच्या करंड्या, कॉलेजात जाणारी मुले यांना ती सामावून घेई. २०१५ च्या अखेरीस ब्रॉडगेजसाठी ती बंद झाली. काम टप्प्याटप्प्याने होत गेले आणि छिंदवाड्याहून इतवारीपर्यंत थेट गाडी धावू लागली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. सहा वर्षांहून अधिक काळ! रूळ उखडल्याशिवाय रूळ बदलता येत नाहीत आणि घाटातले काम सोपे नव्हते, हे आम्ही जाणतो. परंतु त्या वर्षांत ज्यांच्या घरी दुचाकी होती त्यांचे फारसे अडले नाही; ज्यांच्या घरी नव्हती त्यांच्याकडे मुलीला पुढे शिकायला पाठवायचे की नाही, हा हिशेब रोजच्या बसभाड्याने ठरू लागला. आता त्या मार्गावर विजेवर चालणारी गाडी आहे. सौंसरला विजेचे वाहन खरे तर रुळांवरून कधीच येऊन पोचले, आणि गाडी विजेची आहे म्हणून तक्रार करणारा एकही प्रवासी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

जुने काढून घेताना नवे हाती दिले नाही तर काय होते, याचा जुना पाठ आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार सर्वश्रुत आहे. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी दगडच उचलले. गोटमारीचे आम्ही समर्थन करीत नाही, पण लोकांच्या हाती काय जवळ आहे हे न पाहता काढलेल्या हुकमाचे असे होते.

नागपूरचेच उदाहरण पाहा. २६ मे २०१७ रोजी तेथे ओला कंपनीच्या विजेच्या टॅक्सींचा मोठा गाजावाजा करून आरंभ झाला. वर्ष सरण्यापूर्वीच चालक चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे असल्याच्या बातम्या आल्या. एके ठिकाणी तर रांगेमुळे रस्ता अडतो म्हणून रहिवाशांनी विरोध केला आणि ते केंद्र बंद करावे लागले. कित्येक चालकांना पुन्हा डिझेल हवेसे झाले. याउलट ई-रिक्षा! तिची सक्ती कोणीच केली नव्हती. उलट २०१४ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली, मग नियम झाले, २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि गरिबांचे हे वाहन गावोगाव पोचले.

अशीच एक ई-रिक्षा करून आम्ही सौंसरहून जामसावळीला गेलो. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला मंगळवारी आणि शनिवारी तेथे मोठी गर्दी लोटते. रिक्षावाल्याला आम्ही विचारले, की सरकारने उद्या सक्ती केली तर? तो हसला. “गुरुजी, आमाले सक्ती काय अन् पसंती काय! पेट्रोलची घ्याले पैसे नोयते, म्हनून हे घेतली. घरच्या पलगावर रातभर लावतो. फकस्त दीड-दोन वरसानं चारी बॅटऱ्या बदलाव्या लागते, तवा मात्र कंबर मोडते.” त्याच्या या शेवटच्या वाक्याचे उत्तर कोणत्या धोरणात आहे, ते आम्ही शोधले. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. मेहुणे त्यावर खूष आहेत. मध्य प्रदेशाच्या त्याच वर्षीच्या धोरणात भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन ही पाच शहरे विजेच्या वाहनांची नगरे म्हणून निवडली आहेत. घरच्या प्लगवर रात्र काढणाऱ्या चार बॅटऱ्यांचा उल्लेख आमच्या वाचनात आला नाही.

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि तेथे पेट्रोलच्या गाडीवर बंदी नाही. विजेच्या गाडीवरचे कर वर्षानुवर्षे माफ ठेवले, पेट्रोलच्या गाडीवरचे चढे ठेवले, रस्तोरस्ती चार्जिंगची सोय केली आणि मग लोकांना निवडू दिले. श्रीमंत देश आहे, वीजही धबधब्यांची, हे सारे मान्य. पण हा क्रम लावायला श्रीमंतीच लागते असे नाही. घाटाच्या पायथ्याशी रामाकोन्याला एक, सौंसरच्या बसस्थानकावर एक आणि जामसावळीच्या वाहनतळावर एक, अशी चार्जिंगची तीन भरवशाची ठिकाणे. आणि रिक्षाच्या बॅटरीला कमी व्याजाचे कर्ज. एवढे झाल्यावर सरकारने सक्ती केली तर आम्ही तरी तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणार नाही. तोवर मात्र ‘माझ्या पैशाने मी कोणती गाडी घ्यावी’ असे विचारणाऱ्या तटाकडे आमचे मत राहील, जरी त्या तटातले काही जण केवळ आवाज न करणारी गाडी पौरुषाला शोभत नाही म्हणून त्यात सामील झाले आहेत.

आमच्या सहकाऱ्यांनी तूर्त जुन्या दुचाकीचे इंजिन खोलून दुरुस्त करून घेतले आहे. मात्र घराची वायरिंग नवी करताना पडवीत पंधरा अँपिअरचा एक जादा प्लगही त्यांनी बसवून ठेवला आहे. सध्या त्यावर शेजारचा ई-रिक्षावाला महिना काही रक्कम देऊन आपली रिक्षा लावतो.