कन्नौजची माती आणि एक शब्द

निबंधाच्या वहीत एका मुलीने इंग्रजीत लिहिले होते, ‘माझ्या अब्बांच्या शर्टाला फ्रॅग्रन्स येतो.’ अब्बा वीटभट्टीवर कामाला. मी लाल शाईने शब्द खोडून ‘स्मेल’ केले. नियमाने बरोबरच होते. ‘स्मेल’ म्हणजे कसलाही वास, ‘ओडर’ बहुधा नकोसा, ‘अरोमा’ कॉफी-मसाल्याचा. ‘सेंट’ हलका, शिकारी कुत्रा ज्यावरून माग काढतो तोही ‘सेंट’च. ‘फ्रॅग्रन्स’ मात्र फुलांचा, अत्तराचा.

सुट्टीत आम्ही उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला गेलो. एका कारखान्यात तांब्याच्या देगेत भाजलेल्या मातीचे तुकडे पाण्यात उकळत होते. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरून चंदनाच्या तेलात मुरत होती. हे मिट्टीचे अत्तर! कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासाला दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी आपल्या लेखात या अत्तराचाही उल्लेख केला होता.

कारागिराने माझ्या मनगटावर एक थेंब लावला. ओली माती, भट्टीतली माती. मला ती वही आठवली. उर्दूत ‘बू’ला ‘खुश’ जोडायचे की ‘बद’, हे शेवटी हुंगणाराच ठरवतो. संध्याकाळी घरी येणाऱ्या अब्बांना बिलगणाऱ्या मुलीने ते केव्हाच ठरवले होते.

शाळा उघडल्यावर मी वही मागवली आणि माझा शब्द खोडून तिचा परत लिहिला.