थाप

नेरळहून कळंबकडे निघाले की वाटेत पोशीर लागते. पाठीमागे माथेरानचा डोंगर, दोन्ही अंगांना भाताची खाचरे आणि पावसाळ्यात या सगळ्यावर उतरलेले धुके. यंदाच्या जुलै महिन्यात आम्ही या गावातील एका घराच्या ओटीवर बसून बास गिटारची तार अंगठ्याने वाजवण्याचे धडे गिरवीत होतो. पन्नाशी ओलांडलेल्या धर्मगुरूला हा छंद कुठून जडला, असे वाचक विचारतील. छंद कसला, ते एक जुने देणे होते.

या घरचा मुलगा आमच्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात बास गिटार वाजवीत असे. बास म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली गिटार. ती गाण्याचा पाया सांभाळते, पण ऐकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, अर्पणगीताच्या वेळी, त्याने तारांवर अंगठा आपटून खणखणीत ठेका धरला. आमच्या कानांना तो नाचगाण्याचा वाटला. मिस्सा संपल्यावर चारचौघांदेखत आम्ही त्याला म्हणालो, “हे प्रभूचे मंदिर आहे, ऑर्केस्ट्रा नव्हे!” त्याने वाद घातला नाही. गिटार पिशवीत भरली आणि पुढच्या रविवारपासून तो यायचा थांबला.

आमच्यापाशी आधारही होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसृत केला, त्याच्या १२० व्या कलमात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे. सेमिनरीत शिकलेले ते कलम आम्हांला तोंडपाठ होते. पण त्याच कलमाचा उत्तरार्ध आम्ही सोयीस्करपणे विसरलो. पवित्र कार्याला योग्य असतील किंवा तशी करता येतील, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभतील आणि भाविकांच्या श्रद्धेला खरोखर पोषक ठरतील, अशी इतर वाद्येही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतात, असे तिथे म्हटले आहे. अर्धे वचन हाती घेऊन माणूस किती कठोर होऊ शकतो!

यंदा प्रायश्चित्तकाळात घरभेटीसाठी पोशीरला गेलो, तेव्हा त्याच्या आईने चहाचा कप पुढे करीत सहज सांगितले, “फादर, त्या दिवशी ढोलकीवाला आला नव्हता. गाणं पडू नये म्हणून ह्याने तसं वाजवलं.”

त्या वाक्याने आमची झोप उडवली. मग आम्ही या वादनाचा इतिहास शोधू लागलो. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्सचे जॅझवादक उभ्या डबल बासच्या तारा खेचून फळीवर आपटू देत, कारण ध्वनिवर्धकाविना गर्दीत ते वाद्य ऐकू जात नसे. १९५१ साली लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बास बाजारात आणला आणि बास खांद्याला अडकवता येऊ लागला. १९६० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात लॅरी ग्रॅहम हा तरुण आपल्या पियानोवादक आईच्या साथीला बास वाजवीत असे. त्यांच्यापाशी ड्रम वाजवणारा उरला नाही, तेव्हा त्याने अंगठ्याच्या आघाताने मोठ्या ड्रमची आणि तर्जनीने तार खेचून लहान ड्रमची उणीव भरून काढली. पुढे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वाद्यवृंदातून ही रीत जगभर पोचली. मुंबईत वाढलेली मोहिनी डे आज या वादनासाठी देशोदेशी ओळखली जाते. बास आपल्या लोकांना परका नाहीच. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले टोनी वाझ बासच वाजवीत.

आम्ही मान खाली घातली. लॅरीने जे केले तेच पोशीरच्या या मुलाने केले होते: न आलेल्या माणसाची जागा त्याने भरून काढली होती. आणि आम्हांला त्यात दिखाऊपणा दिसला!

क्षमा मागायला गेलो, पण शब्द सुचेनात. शेवटी म्हणालो, “आम्हांला हे शिकवशील का?” तो क्षणभर पाहत राहिला. मग गिटार घेऊन बाहेर आला.

अंगठ्याच्या सांध्याची हाडाची कड गिटारच्या शेवटच्या पडद्यापाशी तारेवर आदळायची. जोर खांद्यातून लावायचा नाही. कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरवायचे. तार पडद्याच्या धातूवर आपटते आणि टणत्कार उठतो. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याशी एक स्वर. मधली तार सोडून पुढच्या तारेवर पाचव्या पडद्याशी तोच स्वर वरच्या सप्तकात. पहिला अंगठ्याने वाजवायचा, दुसरा तर्जनीने तार खेचून सोडून. डाव्या हाताने नको त्या तारा शांत ठेवायच्या.

आमच्याकडून मात्र नुसते ‘धप्प’ होई. आम्ही अधिक जोर लावला. अंगठा सुजला, पण स्वर उमटेना. तेव्हा तो हळूच म्हणाला, “फादर, तुम्ही मारता आणि तिथंच दाबून ठेवता. अंगठा लगेच बाजूला घ्या. तारेला मोकळं सोडलंत तरच ती बोलेल.”

आत त्याची आई परातीत तांदळाची भाकरी थापत होती. ती हसून म्हणाली, “भाकरीचंही तेच, फादर. हात ठेवून राहिलं की चिकटते.”

मराठीत ‘थाप’ या शब्दाची किती रूपे आहेत! ढोलकीवर पडते ती थाप, शाबासकीने पाठीवर पडते तीही थाप आणि खोटे बोलणे म्हणजेही थाप मारणे. मेंढपाळाला कधी कानउघाडणी करावीच लागते. ते त्याचे कर्तव्य आहे. पण आम्ही बोललो आणि तिथेच दाबून राहिलो. दोन वर्षांत त्याच्या घराची पायरी चढलो नाही, विचारपूस केली नाही. तो मुका झाला असे आम्ही समजत होतो. वस्तुतः आमचाच अंगठा त्या तारेवर होता.

“त्या रविवारी आम्ही चुकलो,” आम्ही म्हणालो. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “पुन्हा वाजवा.”

ऑगस्टमध्ये पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला तो मिस्साला आला. गिटार आणली नव्हती. शेवटच्या बाकावर बसला आणि अर्पणगीताच्या वेळी त्याची बोटे बाकाच्या कडेवर हलकेच ठेका धरीत होती. पुन्हा कधी वाजवणार, असे विचारण्याचा मोह आम्हांला झाला. आम्ही विचारले नाही. सणाच्या शुभेच्छा दिल्या आणि त्याला जाऊ दिले.