आपली माती, तुमचा समुद्र

राहाता

प्रिय मित्रा,

इकडे पेरूचा मृग बहार चांगला फुटलाय.

तू काकिनाड्याला, गोदावरीच्या मुखाशी. मी इकडे वरच्या अंगाला. पुणतांब्याला गोदावरीच्या पुराचं गढूळ पाणी आपण पाहिलंय ना, त्यातून आपली काळी माती हजारो वर्षं तुझ्याकडे वाहत गेली. बंगालच्या उपसागराच्या तळातल्या गाळात दख्खनच्या बेसाल्टची चिकणमाती सापडते, हे भूशास्त्रज्ञांनी दाखवलंय. आणि ती तिथं नुसती पडून नसते, ती खाल्ली जाते!

खाणारे म्हणजे पॉलिकीट किडे, आपल्या गांडुळांचे समुद्रातले भाऊबंद. बरेचसे इतके बारीक, की चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुतला तेव्हाच हाती लागतात. काही जण दोन लांब मिशा बिळाबाहेर काढून कण वेचतात. पण माझा जीव जडलाय तो बांबूसारखी पेरं असलेल्या किड्यांवर. हे आपल्या नळीत उलटे उभे असतात, तोंड खाली आणि शेपूट वर. खालचा गाळ गिळायचा, त्यातले जिवाणू आणि कुजका अंश पचवायचा, उरलेली माती वर टाकायची. आपण नांगरटीत करतो तेच काम, तेही बैलाविना, बारा महिने.

ओहोटीला जिथं जायला मनाई नाही अशा ठिकाणी फावड्यानं चिखलाचं एक ढेकूळ उचल आणि मधोमध फोड. आत काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. पण बिळांच्या कडेनं तांबूस-तपकिरी कडं दिसेल. किडा बिळात पाणी खेळवतो, त्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि चिखलातलं लोह गंजतं. तो गंज म्हणजे ते कडं. एवढ्याशा जिवानं केलेली ही वायुवीजनाची सोय! अशा किड्यांवरच पुढं कोळंबी, खेकडे आणि कितीतरी मासे जगतात.

म्हणून एक गोष्ट मनाला लागते. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण झालं, तेव्हापासून आपल्याकडचा गाळ बराचसा तिथंच अडतो. त्याच्या खाली आणखी धरणं आहेत. पाणी हवंच, कालव्याशिवाय आमच्या बागा जगल्या नसत्या. अडलेला गाळ शेतकरी उपसून शेतात टाकतात, २०१७ साली सरकारनं त्यासाठी योजनाही आणली, हेही चांगलंच. पण धरणाच्या हिशेबात मुखाशी किती गाळ पोचायला हवा याचाही रकाना असावा, असं मला फार वाटतं. किनाऱ्याची माती काही तिथल्या तिथे तयार होत नाही.

तुमच्याकडे कोळंबीच्या हॅचरीत अंडी घालणाऱ्या माद्यांना असेच पॉलिकीट किडे चारतात. ओळखीचा कुणी असला तर विचार, किडे पाळलेले असतात की खाजणातून खणून आणतात? खणून आणत असतील तर कुठून, आणि तिथं परत किडे दिसायला किती दिवस लागतात, तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
राहात्याचा मित्र