गाठ निघाली, जखम उरली

शारजातल्या मराठी माणसाला ‘एंडोस्कोपीनं लहान आतड्यातली गाठ काढू’ म्हटलं, की त्याचे दोन प्रश्न ठरलेले : पोट फाडणार का? आणि दिवाळीला गावी जाता येईल ना? पहिल्याचं उत्तर बहुतेकदा ‘नाही’. दुसऱ्याचं उत्तर मात्र गाठीपेक्षा तिच्या जागी उरणाऱ्या जखमेवर ठरतं.

जठर संपलं की ड्युओडेनम सुरू होतं, लहान आतड्याचा पहिला भाग. लांबी जेमतेम २५ सेंटिमीटर, स्वादुपिंडाला वळसा घालून गेलेलं. इथल्या गाठी पुष्कळदा दुसऱ्याच तक्रारीसाठी दुर्बीण घातल्यावर सापडतात. अस्तराखाली द्रव टोचून गाठ वर उचलायची आणि तारेच्या फासात धरून कापायची, ही नेहमीची पद्धत. जठरात अशी जखम आम्ही सहसा उघडी ठेवतो; आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर ती दोनेक महिन्यांत भरते. ड्युओडेनममध्ये ती सोय नाही. भिंत पातळ, आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस नेमके तिथेच उतरतात, रोज लिटरहून जास्त. मटण पचवणारा रस उघड्या पडलेल्या स्नायूचीही गय करत नाही. म्हणून सगळं सुरळीत झाल्यावरही एक-दोन दिवसांनी रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित भोक पडतं.

यावर उपाय म्हणजे जखम लगेच मिटवणं. सुश्रुतसंहितेत आतड्याच्या फाटलेल्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या काळ्या मुंग्या डसवायला सांगितलं आहे. पकड बसली की धड तोडायचं, डोकं तिथेच ठेवायचं. आमच्या क्लिपचं काम तेच. दुर्बिणीच्या नळीतून ती आत सरकते. मी म्हणतो, ‘उघडा’. शेजारची मल्याळी सिस्टर दांडा ढकलते, दोन जबडे पसरतात. ‘फिरवा.’ ‘थांबा.’ आतली हवा थोडी ओढून घेतली की कडा आपोआप जवळ येतात. ‘बंद.’ सुरुवात जखमेच्या टोकाकडून करायची. मधूनच केली तर दोन्ही बाजूंना तोंडं उरतात. पित्तनलिकेचं तोंड कुठे आहे ते आधी पाहून ठेवायचं, कारण क्लिप त्यावर बसली तर कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह ओढवून घेतलाच.

जखम मोठी असेल तर या चिमट्यांचा पल्ला पुरत नाही. मग दोऱ्याची क्लिप वापरून लांबच्या कडा ओढून आणायच्या, किंवा दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली, अस्वलाच्या पंज्यासारखी निटिनॉलची मोठी क्लिप सोडायची. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये बनणाऱ्या या क्लिपनं आमचा धीर बराच वाढवला. आतून टाके घालणारी यंत्रंही आहेत, पण ड्युओडेनमच्या वळणात ती फिरवणं जिकिरीचं. काही ठिकाणी सर्जन पोटातून लॅपरोस्कोपीनं बाहेरची बाजू शिवतो.

गाठ कापण्यापेक्षा जखम मिटवण्यात कधी कधी जास्त वेळ जातो, आणि बिलात क्लिपांचा आकडा पाहून नातेवाईक चमकतात. तो खर्च टाळण्याजोगा नाही, एवढंच सांगतो.

राहिला गावी जाण्याचा प्रश्न. शारजाहून मुंबई तीन तासांची, पण त्या तीन तासांत विमानात रक्तस्राव सुरू झाला तर करणार काय? डॉक्टर मोकळं करेपर्यंत तिकीट काढू नका. काळी शौच, चक्कर, ताप किंवा पोट-पाठ दुखणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटलकडे निघा. आणि क्लिपांची नोंद असलेला रिपोर्ट जवळ ठेवा. त्या गळून पडेपर्यंत एमआरआय करण्याआधी तो दाखवावा लागतो.